उंबऱ्यावरचं माप

माझ्या धाकट्या दिराचं लग्न झालं त्या संध्याकाळी नवी सून आमच्या डोंबिवलीच्या घराच्या दारात येऊन उभी राहिली, आणि तिला आत घ्यायला घरात माप नव्हतं.

सून घरात येताना उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं माप ठेवतात, ती उजव्या पायानं ते आत लवंडते आणि तांदूळ घरभर सांडले की मग आत पाऊल टाकते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ते माप येतं कुठून, हे मात्र कुणी विचारत नाही. पूर्वी विचारायची गरजच नव्हती. प्रत्येक स्वयंपाकघरात शेर, मापटं, चिपटं असायचंच. रोज त्यानं तांदूळ मोजायचे आणि लग्नाच्या दिवशी तेच चिंचेनं घासून उंबऱ्यावर ठेवायचं. आमच्याकडेही शेराचं एक छान पितळी माप होतं. ते गेलं, कारण मी हुशार होते.

तेव्हाची मी म्हणजे गृहविज्ञानाची पदवी घेतलेली, अर्धा चेहरा झाकेल एवढ्या मोठ्या फ्रेमचा चष्मा घालणारी, आणि त्या चष्म्यातून सासरच्या स्वयंपाकघराकडे दयेनं बघणारी बाई. आमच्या पिढीला शाळेत दशमान पद्धत शिकवली. बाजारातून शेर-छटाक हद्दपार झाले त्यालाही कितीतरी वर्षं लोटली होती. पण सासूबाईंच्या ओट्यावर त्यांचं राज्य अबाधित होतं. पाहुणे आले की त्या देवघरातूनच ओरडायच्या, "शेरभर टाक गं!" आता माझ्या माहेरचा शेर आणि सासरचा शेर यांची कधी गाठच पडली नव्हती. नवीन होते तेव्हा मी माझ्या आईच्या शेराच्या अंदाजानं पाणी घातलं आणि पंगतीला भात वाढायच्या ऐवजी चमच्यानं ओतावा लागला. सासूबाईंनी सगळ्यांना वाट्या दिल्या. पण मला ते फार लागलं. मी ठरवलं, चूक माझी नाही, शेराची आहे.

मग मी एका प्रदर्शनातून घरगुती तराजू आणला. वर तांबडं तबक, पुढे घड्याळासारखी तबकडी आणि काटा. सासूबाईंच्या शेरानं तांदूळ मोजून तबकात ओतले, मग ज्वारी ओतली, मग पोहे, मग मीठ. काटा दर वेळी वेगळीकडे. मी विजयी मुद्रेनं म्हटलं, "आई, तुमचा शेर खोटा आहे. दर वेळी वेगळा भरतो."

"अगं, ते माप आहे. वजन नव्हे."

"पण नेमकं किती?"

"मावेल तितकं."

"आणि वर ही शीग लावता ती?"

माप काठोकाठ भरल्यावर वर जो धान्याचा डोंगर उभा राहतो, ती शीग. कुणी सपाट मोजतं, कुणी शीग लावून, आणि शीग किती उंच चढवायची हे मोजणाऱ्याच्या मनावर आणि घेणाऱ्याच्या नात्यावर. सासूबाई म्हणाल्या, "शीग मोजायची नसते, ती द्यायची असते." मी यावर किलोला शीग नसते असं त्यांना ऐकवलं. इतक्या अभिमानानं, की किलो जणू मीच शोधून काढला होता.

त्याच सुमारास मी एका मासिकात टाकाऊपासून टिकाऊ वस्तू कशा कराव्यात यावरचा लेख वाचला. मानपाड्याच्या बाजूला एमआयडीसीत माझा नवरा कामाला होता. त्याच्याकरवी कारखान्यातल्या ड्रिलनं मी त्या पितळी शेराच्या बुडाला भोक पाडून आणलं, माती भरली आणि गॅलरीत त्यात तुळस लावली. दिसत होती मात्र सुरेख. सासूबाईंनी एकदा भोकाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बरं." तुळस दणक्यात वाढली. आमची गॅलरी इतकी अरुंद, की तुळशीला प्रदक्षिणा घालायची सोयच नव्हती. सासूबाई स्वतःभोवती गोल फिरून प्रदक्षिणा घालायच्या. शेर गेला तो असा. फेकला नाही, विकला नाही, देव करून ठेवला. तो परत मागायची सोयच मी ठेवली नाही.

तर लग्न. ठाण्यातल्या हॉलमध्ये झालं. उन्हाचे दिवस. निघताना नवरीच्या आईनं, पोरीला लांब जायचंय, ऊन लागेल, म्हणून तिला कोकम सरबताचे पेल्यावर पेले पाजले. मग रडारड झाली आणि आम्ही निघालो. गाडीत पुढे ड्रायव्हरशेजारी दीर, मागे नवरी आणि करवली म्हणून मी. शिळफाट्याला ट्रकांची रांग लागलेली, गाडी जागची हलेना. नवरी खिडकीकडे तोंड करून, ओठ घट्ट मिटून बसलेली. डोळ्यांत पाणी. मी अनुभवी थोरली जाऊ. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "माहेर सुटताना असंच होतं गं. मोकळी हो. धरून ठेवू नकोस."

तिनं माझ्याकडे असं काही पाहिलं, की मला वाटलं किती भावनाप्रधान मुलगी आहे!

दिवेलागणीच्या सुमाराला आम्ही घरी पोचलो. दुसरा मजला, अरुंद जिना, जिन्यात पायरीपायरीवर शेजारीपाजारी. दिराचे मित्र, दोन-चार काका. सगळ्यांच्या पुढे व्हिडिओवाला, त्याचा तो डोळे दिपवणारा दिवा नवरीच्या तोंडावर रोखून. दारात आत सासूबाई आरतीचं ताट घेऊन, आणि त्यांच्या शेजारी आत्याबाई. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण, साताऱ्याहून लग्नासाठी आलेल्या. सासरे गेल्यापासून घरातल्या कार्यात शेवटचा शब्द त्यांचा; सुनेला ओवाळायचं सासूबाईंनीच, हेही त्यांनीच ठरवलेलं. भाकरतुकडा ओवाळून झाला, डोळ्यांना पाणी लावून झालं. एवढ्यात नवरीनं माझा हात घट्ट पकडला आणि कानात म्हणाली, "ताई, बाथरूमला जायचंय."

"जाशील की. आता आतच जायचंय."

"नाही. मुंब्र्यापासून जायचंय."

माझ्या डोक्यात हळूहळू सगळा प्रवास उलटा फिरला. मोकळी हो, धरून ठेवू नकोस. अरे देवा.

"माप आण गं," आत्याबाई म्हणाल्या.

आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघायला लागलो. लग्नाच्या गडबडीत केळीचे खुंट आले होते, दाराला तोरण बांधलं होतं, पाहुण्यांच्या गाद्याही भाड्यानं आणल्या होत्या, पण मापाची आठवण कुणालाच झाली नव्हती. सासूबाईंनी मान वळवून गॅलरीकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"तुळशीत आहे ते," सासूबाई म्हणाल्या.

"तुळशीत माप कशाला ठेवलंस?"

"मी नाही ठेवलं. आणि तुळशीत माप नाही, मापात तुळस आहे."

आत्याबाईंनी माझ्याकडे वळून बघितलं. मी चष्मा वर सरकवला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

माझा नवरा म्हणाला, "काढू का तुळस? उद्या परत लावू."

"तिन्हीसांजेची? लग्नाच्या दिवशी? हात तर लाव!" सासूबाईंचा आवाज असा चढलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. "आणि तुळशीच्या कुंडीला सून लाथ मारणार होय?"

खरंच होतं. इकडे माझ्या हातावरची नवरीची पकड आवळत चाललेली. मी धावत आत गेले आणि पेला आणला. आत्याबाई म्हणाल्या, पेल्यानं कुणी धान्य मोजतं का? तांब्या आणला. तो पाण्याचा. मग मला एक कल्पना सुचली. त्या काळी मला कल्पना फार सुचायच्या. केकसाठी घेतलेलं माझं प्लास्टिकचं मापाचं भांडं मी घेऊन आले. त्यावर तांबड्या रेघा, मिलिलिटरचे आकडे. म्हटलं, "हे माप आहे. अगदी प्रमाणित!"

आत्याबाईंनी ते दोन बोटांत धरून उजेडात बघितलं. "हे तर आंघोळीच्या मगाचं पिल्लू दिसतंय."

जिन्यात हशा पिकला. दिरानं मागून आवाज टाकला, "वहिनी, तुमचा तराजूच ठेवा ना उंबऱ्यावर. ही पाय ठेवेल, काटा फिरेल, वजनासकट सून घरात!"

सगळे आणखी हसले. नवरी माझ्या कानाशी दात आवळून म्हणाली, "ताई, त्यांना सांगा, मला हसवू नका. पाया पडते."

समोरच्या बिऱ्हाडाचं दार सताड उघडं होतं. त्यांच्या पॅसेजच्या टोकाला बाथरूमचा निळा दरवाजा मला इथून दिसत होता. नवरीलाही दिसत होता. ती दुसरीकडे कुठं बघतच नव्हती. मी भीत भीत म्हटलं, "माप मिळेपर्यंत हिला जरा समोर बसवू का? दमली आहे."

"सासरच्या आधी दुसऱ्याचा उंबरा ओलांडायचा?" आत्याबाई म्हणाल्या. "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

खरं कारण सांगायला माझी जीभ रेटेना. पुढे तो दिवा, मागे काका, मधे दिराचे मित्र. आजची मी असते तर खणखणीत सांगून मोकळी झाले असते. पण तेव्हा मला किलोग्रॅमची लाज नव्हती, एवढ्याशा गोष्टीची होती.

तेवढ्यात जिन्यातली माणसं बाजूला सरली आणि आमच्या मालकीणबाई वर आल्या. आमची इमारत ज्या शेतावर उभी राहिली ते शेत यांचं. आगरी घरातल्या. बिल्डरनं त्यांना तळमजल्यावर दोन खोल्या दिल्या होत्या, पण त्या राहायच्या मागच्या जुन्या कौलारू घरातच. लुगडं गुडघ्यापर्यंत, गळ्यात ठसठशीत सोनं, कपाळावर आडवं कुंकू.

"काय गो, नवरी अजून भायेरच?"

"माप नाही हो."

"माप नाय? आमचे घरान हाय ना पायली! हानतंय."

"मी आणतो, तुम्ही कशाला," म्हणून माझा नवरा निघाला, तर त्यांनी त्याला हातानंच थांबवलं. "तुला नाय गवसाची. मीच जातंय." आणि त्या निघाल्या. त्यांचे गुडघे दुखायचे. एकेक पायरी दोन्ही पायांनी उतरायच्या. पहिल्या मजल्यावर त्यांना कुणीतरी भेटलं. जेवणात काय होतं, मुलीकडच्यांनी काय दिलं, असं सगळं बोलणं आम्हाला वर स्पष्ट ऐकू येत होतं. मी आणि नवरी जिन्याच्या कठड्याकडे कान लावून उभ्या. नवरी एका पायावरून दुसऱ्या पायावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. हिरवा चुडा नुसता वाजत होता. व्हिडिओवाल्याला वाटलं नवरी लाजतेय, तो आणखी पुढे सरकला.

पायली आली. मी तोवर पायली फक्त ऐकली होती. काळ्याभोर लाकडाची, वरून लोखंडी पट्टी ठोकलेली, एखाद्या लहान टबाएवढी. यांच्या घरात दोन पिढ्यांचं भात तिनं मोजलेलं.

आत्याबाई म्हणाल्या, "आमच्याकडची पायली काही एवढी नसते."

"तुमची तुमचे गावान. ही आमची."

"ही किती शेरांची?"

"पायलीची," मालकीणबाई म्हणाल्या.

एरवी मी यावर व्याख्यान दिलं असतं. गावागणिक पायली बदलायची, म्हणून तर देशभर एकच माप करावं लागलं, वगैरे. त्या क्षणी मला देशाशी काही देणंघेणं नव्हतं. मी पळत जाऊन घरातले तांदूळ आणले आणि ओतले. पायलीचं बूडसुद्धा नीट झाकलं नाही. मी महिन्याचे तांदूळ अगदी नेमके, तोलून आणायची. त्यातले निम्मे अक्षतांना गेलेले.

"आता लवंड," मी नवरीला म्हटलं.

"थांब!" आत्याबाई. "रितं माप ओलांडून लक्ष्मी आणायची? भरा ते."

मग शेजारणी आपापल्या घरी पळाल्या आणि डबे घेऊन आल्या. कुणाचा कोलम, कुणाचा बासमतीचा तुकडा, कुणाचा रेशनचा, तळमजल्यावरच्या मालवणच्या काकूंचा लालसर उकडा. प्रत्येकीला आपल्या हातानं घालायचे होते, हळदीकुंकू वाहून घालायचे होते, आणि घालताना व्हिडिओत यायचं होतं. पायली सावकाश, अगदी सावकाश भरत होती. काठाशी आली तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला, तर मालकीणबाई म्हणाल्या, "शीग नाय लावाची?"

"आमच्यात सपाट असतं," आत्याबाई म्हणाल्या.

"पायली माझी हाय ना? माझी पायली बिनशिगेची कुनाचे दारान ठेवाची नाय."

शेवटी आत्याबाईंनी मान हलवली आणि मी पसापसानं शीग चढवायला बसले. तांदूळ एका बाजूनं चढवावे तर दुसऱ्या बाजूनं घसरत. तीन-चार जातींचे तांदूळ, एकमेकांना धरून राहीनात. आणि माझ्या डोळ्यांसमोर नवरीची पावलं, आलता लावलेली, अंगठे आत वळलेले, नवी जोडवी एकमेकांत रुतलेली.

मालकीणबाईंनी तिच्याकडे नीट निरखून बघितलं. आणि आख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "गो बाय, तुला मुताला लागलंय काय?"

नवरीनं मुंडावळ्यांसकट मान खालीवर हलवली.

दीर व्हिडिओवाल्याला म्हणाला, "ए, लाईट बंद कर. बंद कर म्हणतो ना!" दिवा विझला. दिराबद्दल मला पहिल्यांदा बरं वाटलं ते तेव्हा.

"मग लवंड की गं लवकर!" आत्याबाई ओरडल्या. "उभी काय राहिलीस?"

नवरीनं उजवा पाय लावला. पायली जागची हलली नाही. तिनं जोर लावला. शिगेवरचे चार दाणे ओघळले, बस. एवढ्या वजनाला अंगठ्यानं काय होणार? तिनं तिसऱ्यांदा पाय मारला आणि जोडव्याचं बोट धरून कळवळली. मी तिच्याकडे बघत होते, तिचं तोंड रडवेलं झालं होतं, आणि करवली म्हणून, थोरली जाऊ म्हणून, गृहविज्ञानाची पदवीधर म्हणून माझ्या हातात काहीही नव्हतं.

मग तिनं शेल्याची गाठ दिराच्या हातात दिली. पदर खोचला. खाली वाकली, दोन्ही हातांनी पायलीला मिठी मारली, ती भरली शिगेची पायली छातीशी उचलली आणि उंबरा ओलांडून आत आली.

"ताई, हे धरा. कुठल्या बाजूला?"

मी पायली धरली आणि हनुवटीनं दिशा दाखवली. बाथरूमची कडी आतून लागली.

"खाली ठेवू नकोस!" आत्याबाई माझ्यावर ओरडल्या. "कुठंही ठेवू नकोस. आधी ठरू दे, ही आत आली का नाही."

"आली की," माझा नवरा म्हणाला. "कडी लावून बसलीय."

"तांदूळ सांडले कुठं? माप ओलांडलं कुठं?"

"भरली पायली घेऊन आली घरान!" मालकीणबाई म्हणाल्या. "आनि काय पायजे तुमाला? सांडून काय, झाडूच मारनार ना?"

"रीत असते हो काही!"

"रीत तुमची, पायली माझी."

सासूबाई आरतीचं ताट धरून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या. मी बैठकीच्या खोलीच्या मधोमध उभी, पायली छातीशी, शीग थेट नाकापाशी. हलले तर घसरेल. शिंक आली असती तर सगळंच संपलं असतं. माझ्या हातांना आधी रग लागली, मग मुंग्या आल्या, मग हात माझे राहिलेच नाहीत. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी काही बोलायला तोंड उघडलं की एक दाणा तोंडात जायचा.

ठरलं असं, की नवरीनं परत बाहेर जायचं आणि सगळं रीतसर करायचं. पायली फक्त थोडी कलती ठेवायची. बाथरूमची कडी उघडली. नवरी बाहेर आली, चेहरा धुतलेला, डोळे लखलखीत. तिला निर्णय सांगितला, तर म्हणाली, "हो, परत करते की. आता म्हणाल तितक्या वेळा करते." आणि हसत, दिराचा हात धरून दारातून बाहेर जाऊन उभी राहिली.

आता पायली उंबऱ्यावर ठेवायची. ती माझ्या हातात. मी वाकले. कंबर वाकली, पण हात वाकेनात. मला एवढंच आठवतं, की शीग आधी सरकली, मग तिच्यामागून पायली फिरली आणि सगळे तांदूळ सळसळत गेले. घरात नव्हे. बाहेर. उंबऱ्यावरून पॅसेजमध्ये, पॅसेजमधून पायऱ्यांवर, एकीवरून दुसरीवर, पार पहिल्या मजल्याच्या वळणापर्यंत.

माप सांडलं होतं, थोरल्या सुनेनं, घरातून उलट्या दिशेला. आत्याबाई मटकन सोफ्यावर बसल्या.

आणि आता कुणालाच हलता येईना. नवरी आणि दीर बाहेर, आम्ही आत, मधे सगळीकडे तांदूळ. धान्यावर पाय कोण देणार? पायऱ्यांवर उभे होते ते एका पायावर तोल सावरत तसेच उभे. मी रिकामी पायली पोटाशी धरून दारात, काय करावं ते कळत नाही, माफी कुणाची मागावी तेही कळत नाही.

सासूबाईंनी आरतीचं ताट टीपॉयवर ठेवलं. माझ्या बाजूनं पुढे आल्या, उंबऱ्याशी गुडघे टेकले आणि ओंजळीनं तांदूळ गोळा करायला लागल्या. ते पाहून बाहेर नवरी शालू सावरत खाली बसली आणि पदर पसरून त्यात भरायला लागली. मग शेजारणी वाकल्या. दिराचे मित्र वाकले. व्हिडिओवाल्यानं कॅमेरा कठड्यावर ठेवला आणि तोही पायऱ्यांवरचे दाणे गोळा करायला लागला. मालकीणबाई वरून सांगत होत्या, "कोपऱ्यान बघ, कोपऱ्यान!"

नवरी बसल्याबसल्या पुढे सरकत होती, सासूबाई आतून. दोघींच्यामधले तांदूळ कमी कमी होत गेले. मग मी पाहिलं तेव्हा नवरी सासूबाईंच्या शेजारी बसली होती, आमच्या फरशीवर, सोफ्याखाली हात घालून दाणे काढत, आणि सासूबाई तिला विचारत होत्या, "बोट फार दुखतंय का गं?"

ती उंबरा कधी ओलांडून आली ते कुणीच पाहिलं नाही. मी दारातच उभी होते, मीही पाहिलं नाही.